उशिरा आलेले प्रेक्षक

नाटक लिहिले जाते ते कोणीतरी पाहावे म्हणून. कविता माणूस स्वतःसाठीही लिहील, रोजनिशी तर स्वतःसाठीच लिहितो. परंतु नाटकाला समोर बसणारी माणसे लागतातच. मराठीत मात्र एक नाटक असे आहे की, ते लिहून झाल्यावर छापून वाचकांच्या हाती पडावयास १२४ वर्षे लागली. हे नाटक म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे तृतीय रत्न. ते १८५५ साली लिहिले गेले आणि १९७९ साली पुरोगामी सत्यशोधक या नियतकालिकातून प्रथम प्रसिद्ध झाले. तोवर जोतीरावांना जाऊन ८९ वर्षे झाली होती.

यंदाच्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर योगायोगाने माझ्याच गावी भरले. बालाघाटच्या उतारावरचे, सोयाबीन आणि ज्वारीचे, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे हे लहानसे गाव. शिबिराच्या सहाव्या रात्री मारुतीच्या देवळासमोर आम्ही हे नाटक केले. त्या रात्री समोर बसलेल्या माणसांना काय वाटले, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे मला जोतीरावांचे चरित्र पुन्हा एकदा कसे वाचावे लागले, ते येथे सांगावयाचे आहे.

नाटक निवडण्याचे कारण खरे तर साधे होते. पात्रे थोडी. एक जोशी, एक कुणबी, कुणब्याची बायको, एक पाद्री, मधूनमधून येऊन शेरे मारणारा विदूषक आणि एखाददुसरा इतर. मोजून सहा जणांत भागले. पडदा नको, देखावा नको. कथानकही गावाला ओळखीचे. जोशी दारी येतो, कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या जिवाचे वाईट होईल म्हणतो. घाबरलेले नवराबायको ऋण काढून अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन घालतात. पुढे पाद्री त्यांच्याशी वाद घालतो, विदूषक सगळ्यांचे पितळ उघडे पाडतो, आणि आपण फसलो ते अक्षर न आल्यामुळे हे उमगून ती दोघे शेवटी रात्रीच्या शाळेत जावयास निघतात. विद्या हा माणसाचा तिसरा डोळा आहे, असे नाटकाचे तात्पर्य. कुणब्याच्या बायकोचे काम माझ्याकडे आले. लुगडे आईचेच नेसले होते.

प्रेक्षक दीड-दोनशे असावेत. बायका देवळाच्या ओट्याकडेला, पुरुष समोर आणि पोरे अगदी आमच्या पायांशी. पहिला हशा विदूषकाला मिळाला आणि तो शेवटपर्यंत मिळत राहिला. जोशाचे काम करणारा आमचा मित्र बोटांवर ग्रह मोजू लागला तेव्हा तर पोरे गडबडा लोळली. पाद्र्याचे संवाद आम्ही बरेच छाटले होते, तरी तेथे मंडळी चुळबुळ करू लागली. दोघे-तिघे तंबाखू मळायला उठून गेले. हा दोष आमचा की नाटकाचा, यावर आमच्यात अजून वाद आहे. मला वाटते थोडा नाटकाचाही आहे. लेखकाला जे पटले होते ते सारे त्याने पाद्र्याच्या तोंडी घातले आहे, आणि वाद लांबला की नाट्य मागे पडते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या सांगण्यावरून आम्ही वही घेऊन घरोघर हिंडलो आणि लोकांना नाटक कसे वाटले ते विचारले. नियमित वारी करणाऱ्या एका आजोबांना ते आवडले नव्हते. देवाच्या दारात देवाधर्माची टिंगल नको होती, असे त्यांचे म्हणणे. एका तरुणाने सांगितले की हे जुने नाही. आता पत्रिका मोबाइलवर बघतात आणि पैसेही मोबाइलवरूनच जातात, एवढाच फरक. एका निवृत्त गुरुजींना भाषा फार आवडली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा लेखक कुणब्याला कुणब्यासारखे बोलू देतो, याचे त्यांना नवल वाटले. देवळातले पुजारी काका शेवटपर्यंत बसून होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि शांतपणे विचारले की, फुल्यांच्या मदतीला एकही ब्राह्मण नव्हता काय. हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

माझी आई मात्र नाटकात एकदाही हसली नाही. मी समोरून पाहत होते. बाकी बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि ती जमिनीकडे बघत होती.

त्याचे कारण मला ठाऊक होते. मी सातवीत असताना माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी घरी आली होती. तेव्हा कोणीतरी पंचांग उघडून दोष सांगितला आणि शांत करावी लागेल म्हटले. घरात पैसा नव्हता. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि त्या फेडीपायी आईवडील दोन हंगाम ऊसतोडीला गेले. मी आजीजवळ राहिले. बहिणीची सुटका सरकारी दवाखान्यात सुखरूप झाली. आईच्या मते ती शांतीमुळे झाली. मी यावर तिच्याशी कधी वाद घातला नव्हता. आणि आता गावासमोर, तिचेच लुगडे नेसून, मी तीच गोष्ट करून दाखवली होती आणि लोक हसले होते. तालमीच्या पंधरा दिवसांत हे माझ्या ध्यानात कसे आले नाही, याची मला आजही लाज वाटते.

रात्री भांडी घासताना ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, की हे ज्याने लिहिले त्याने कुणाच्या आईला पाहिले होते.

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. शिबिर संपल्यावर ग्रंथालयातून चरित्र काढले आणि या वेळी ते परीक्षेसाठी न वाचता आईला सांगण्यासाठी वाचले.

जोतीरावांनी स्वतःची आईच पाहिली नव्हती म्हणावयास हरकत नाही. ११ एप्रिल १८२७ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ते जेमतेम वर्षाचे असताना आई चिमणाबाई वारल्या. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम करता करता ते फुले झाले. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न केले नाही. पोर वाढवले ते नात्यातल्या बालविधवा सगुणाबाईंनी. त्या एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत आणि थोडेफार इंग्रजी बोलत. म्हणजे आईच्या जागी जी बाई जोतीरावांनी पाहिली ती कष्टकरी होती, विधवा होती, आणि शिकण्याचे मोल जाणणारी होती.

जोतीराव शाळेत गेले, परंतु शिकून पोर बिघडेल असे कोणीतरी वडिलांच्या मनात भरवले आणि त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातले. १८४० साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी सावित्री हिच्याशी लग्न झाले. तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि ती नऊ वर्षांची. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली मुलगा पुन्हा, या वेळी स्कॉटिश मिशनच्या शाळेत, दाखल झाला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी आडवे पडले नसते, तर महाराष्ट्राला हे नाव कळले असते काय? नाटकात पाद्री एवढा का बोलतो, याचेही उत्तर येथे सापडते. तथापि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, हे येथेच सांगितले पाहिजे.

१८४८ साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतून त्यांना शूद्र म्हणून अपमान करून बाजूला काढण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. पुजारी काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वाड्यातच आहे. जागा देणारे तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते, आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे जोतीरावांचे सोबतीही ब्राह्मणच होते. जोतीरावांचे भांडण माणसाच्या अज्ञानावर जगणाऱ्या व्यवस्थेशी होते. तिच्यातून बाहेर आलेल्या माणसाला त्यांनी जवळच केले. हे मी पुजारी काकांना जाऊन सांगितले.

मुलींना कोण शिकविणार? म्हणून त्यांनी आधी सावित्रीबाईंना शिकविले. त्या शाळेत जाऊ लागल्यावर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल आला. समाजाच्या दडपणाने गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडावयास सांगितले, आणि दोघे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. शाळा मात्र बंद पडली ती पुन्हा उघडण्यासाठीच. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली, आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. त्या शाळांतून काय निपजले हे पाहावयाचे असेल तर मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध पाहावा. तो १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. कालपर्यंत जिला अक्षर वर्ज्य होते ती मुलगी आपल्या जातीची दुःखे छापील पानावर मांडू लागली होती.

त्याच १८५५ साली दोन गोष्टी घडल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. आणि जोतीरावांनी तृतीय रत्न लिहिले. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मला वाटते. नाटकातली जोडपी जेथे जावयास निघते ती शाळा खरोखरच पुण्यात चालू होती. दिवसा राबणाऱ्या माणसाने हे नाटक पाहिले असते, तर ते संपल्यावर उठून तो थेट त्या शाळेत जाऊन बसू शकला असता.

मराठी रंगभूमी तेव्हा बाल्यावस्थेत होती. विष्णुदास भावे यांनी सांगलीस सीतास्वयंवर हा खेळ केला तो १८४३ साली. रंगभूमीवर देव आणि राक्षस वावरत होते. अशा वेळी एका तरुणाने कुणब्याच्या झोपडीत नाटक नेले आणि ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले.

येथे दैवाचा एक विचित्र खेळ आहे. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू होती. त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च करावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी केला, आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर चालून येणार अशी हवा झाली. तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी आपली धट्टीकट्टी माणसे घेऊन उभे राहिले ते जोतीराव. म्हणजे बक्षिसाचे जे दार त्यांनी इतरांसाठी राखले, ते त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाला उघडले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे त्यांनी स्वतःच १८७३ साली गुलामगिरीत नमूद केले आहे. हस्तलिखित बाजूला पडले ते पडलेच.

जोतीराव मात्र बाजूला पडले नाहीत. त्यांना ठार मारण्यासाठी रोडे आणि धोंडीराम कुंभार या दोघांना पाठविण्यात आले होते, ही कथा प्रसिद्धच आहे. मारायला आलेले पाय धरून गेले. रोडे त्यांचा राखणदार झाला, आणि धोंडीराम शिकून सत्यशोधकांचा पंडित झाला. तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात धोंडीराम कुंभार हे नाव परके वाटू नये. तिसरा डोळा उघडणे म्हणजे काय, हे या एका माणसावरून कळते.

१८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, असा निरोप त्यांनी गावभर लावला. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्या अपत्यहीन जोडप्याने पुढे दत्तक घेतले. ज्याच्या नाटकात गरोदर बाईची भीती विकली जाते, त्याने गरोदर बाईची भीती घालविण्यासाठी स्वतःचे घर उघडले. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला या ठिकाणी मिळाले. एका आईला पाहून हे नाटक लिहिलेले नाही. दाराशी आलेल्या सगळ्याच आयांना त्याने पाहिले होते.

१८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीवाचून लग्ने लागू लागली. लग्नात आणि श्राद्धात कर्ज काढू नका, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हेच ते सांगत होते. वारकरी आजोबांना मी एवढेच सांगितले की, फुल्यांनी देव नाकारला नाही. त्याला ते निर्मिक म्हणत आणि सर्व माणसे त्याची सारखीच लेकरे मानत. आजोबांनी मान हलवली, पटले असे म्हणाले नाहीत.

१८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी उपाशी मुलांना जेवू घातले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी मांडली. १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला. कर्ज, दुष्काळ, पाणी, सरकारी कचेरी हे त्यातले सारे विषय आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या शेजारचे वाटावेत असे आहेत.

नाटककार जोतीरावांनी स्वतः एक भूमिका केली ती १८८८ साली. पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जरीच्या पागोट्यांच्या त्या सभेत जोतीराव फाटके मुंडासे, धोतर आणि खांद्यावर घोंगडी अशा शेतकऱ्याच्या वेशात आले आणि खरा हिंदुस्थान तुमच्यासमोर बसलेला नसून खेड्यात आहे, असे त्यांनी पाहुण्यांना सांगितले. एक नट, एक प्रवेश आणि समोर राजघराण्यातला प्रेक्षक! त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या श्रमिकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे अर्धांगाने उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या.

जोतीराव आमच्या मराठवाड्यात आले असते तरी त्यांना निजामाची हद्द ओलांडावी लागली असती. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वेगळ्या राज्यात होता आणि शाळा येथे उशिरा आल्या. माझ्या घरात तर त्या माझ्यापर्यंतच आल्या. महाविद्यालयाची पायरी चढणारी मी घरातली पहिली. म्हणून पुणेकरांच्या मानाने आम्ही या नाटकाचे आणखीच उशिरा आलेले प्रेक्षक आहोत.

हे सगळे मी आईला दोन-तीन रात्री बसून सांगितले. शांतीचा विषय मी काढला नाही, तिनेच काढला. तिने म्हटले की, तेव्हा भीती वाटली होती आणि ती खरी होती. नाटकात ती बाई घाबरते तेथे लोक हसायला नको होते. मी विचार केला, तिचे म्हणणे बरोबर आहे. जोतीरावांचा विदूषक फसविणाऱ्याला हसतो. फसलेल्या बाईला हसण्याची संधी आम्ही आमच्या अभिनयाने दिली. भीतीने डोळे मोठे करून मी हशा मिळवला होता. पुढच्या प्रयोगात मी ते करणार नाही.

हा प्रयोग पुन्हा व्हावा, आणि आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात व्हावा, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे. सहा माणसे आणि एक दिवा एवढेच भांडवल लागते. मात्र दुसऱ्या दिवशी वही घेऊन घरोघर जाण्याचे चुकवू नये. मला नाटक त्या दिवशी अधिक कळले.

आईला सही येते, वाचता येत नाही. हल्ली बाजारच्या दिवशी धाराशिवच्या बसस्थानकावर ती गाड्यांच्या पाट्या एकेक अक्षर लावून वाचते. तुळजापूर तिला लगेच येते, कळंब येते. परांड्याला अजून अडते. गाडी निघून जाते आणि आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत थांबतो.